भट्टीत बीड वितळलं, जात वितळली का?
कोल्हापूरच्या घरगुती फौंड्रीचा इतिहास

विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत धम्मावर, बाबासाहेबांच्या चळवळीवर लेख येतात आणि ते यायलाच पाहिजेत. यंदा आम्ही थोडे वेगळे लिहितो आहोत. आपल्या वस्तीतली कितीतरी माणसं उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत घाम गाळतात. सकाळी जाताना अंगावर धुतलेला शर्ट असतो, संध्याकाळी परत येताना नाकपुड्यांत काळी वाळू असते. पण ही फौंड्री कोल्हापुरात आली कुठून, ती घराघरांतून वाढली कशी, आणि आपली माणसं तिच्यात कुठल्या दारानं शिरली, हा इतिहास आपण कधी मांडला नाही. कारखानदारांच्या गौरवग्रंथात मालकाच्या आजोबांचा फोटो असतो. लॅडल उचलणाऱ्याचा फोटो कोण छापणार? तो आपणच छापला पाहिजे. म्हणून हा प्रपंच.

आम्ही गिरणीतली माणसं. आमचा जन्म साच्यावर, म्हणजे मागाच्या साच्यावर गेला, फौंड्रीच्या नव्हे. पण मागाचं चाक मोडलं, गिअरचा दात गेला की तो नग घेऊन फौंड्रीच्या दारात उभं राहावं लागायचं. तिथं जे बघितलं, जुन्या माणसांकडून जे ऐकलं आणि वाचनालयात बसून जे वाचलं, त्यातून हे लिहीत आहोत.

तथागत आणि चुंद

धातूचं काम करणाऱ्या माणसाला आपल्या धम्मात काय जागा आहे, हे आधी पाहू. तथागतांनी आपलं अखेरचं भोजन कुणाच्या घरी घेतलं? राजाच्या घरी नाही, सावकाराच्या घरी नाही. पावा नगरीतल्या चुंदाच्या घरी. पाली ग्रंथांत त्याला कम्मारपुत्त म्हटलेलं आहे, म्हणजे धातुकाम करणाऱ्याचा मुलगा. त्याच्या आंब्याच्या बनात भगवान उतरले होते. त्या भोजनानंतर भगवान आजारी पडले आणि पुढे कुसिनाऱ्याला त्यांचं महापरिनिर्वाण झालं. पण त्या वेदनेतसुद्धा त्यांना काळजी कसली, तर उद्या लोक चुंदाला बोल लावतील याची. म्हणून त्यांनी आनंदाला बजावून ठेवलं की चुंदाचा काही दोष नाही. ज्ञानप्राप्तीच्या आधीचं भोजन आणि हे अखेरचं भोजन, दोन्ही दानांचं पुण्य सारखंच आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात चुंदाचा हा प्रसंग घेतला आहे.

कारागिराला शूद्र ठरवून त्याच्या हाताला कमी लेखणारी व्यवस्था एका बाजूला, आणि त्याच हातचं अन्न घेऊन त्याचं नाव कायमचं स्वच्छ ठेवणारे तथागत दुसऱ्या बाजूला. फौंड्रीत जाणाऱ्या आपल्या पोरांना ही गोष्ट सांगितली पाहिजे. काळे हात हा कमीपणा नाही.

कोल्हापूरच्या मातीतलं ओतकाम

आता आपल्या गावाकडं येऊ. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. आपण सगळे तिथून रोज ये-जा करतो. 1944 च्या सुमारास प्रा. कुंदणगार यांनी आणि नंतर 1945-46 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी तिथं उत्खनन केलं. सातवाहन काळातली वस्ती सापडली. त्यात ब्राँझच्या वस्तूंचा मोठा साठा मिळाला. समुद्रदेव पोसायडनची रोमन घडणीची छोटी मूर्ती त्यातलीच. हत्तीवर बसलेल्या स्वारांची ओतीव मूर्ती त्यातलीच. टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात पोरांना घेऊन जा आणि डोळ्यांनी बघा. कोल्हापूर भागात त्या काळातली धनुष्यबाणाची छाप असलेली शिशाची नाणीही सापडली आहेत.

आणि याच कोल्हापुरात 1877 साली एका स्तूपाच्या जागी स्फटिकाचा करंडक सापडला. तिथल्या ब्राह्मी लेखात बम्ह नावाच्या दात्याचं आणि काम करविणाऱ्या धम्मगुत्ताचं नाव आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या गावात धम्मही होता आणि धातूचा हुन्नरही होता. जोतिबाच्या वाटेवरची पोहाळे लेणी हीसुद्धा त्याच धम्माची खूण.

ब्राँझची मूर्ती ओतायची जुनी रीत अशी. आधी मेणाची मूर्ती करायची. तिच्यावर मातीचे थर चढवायचे. वाळल्यावर भाजायचं, की मेण वितळून बाहेर येतं आणि आत पोकळी राहते. त्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. थंड झाल्यावर माती फोडायची. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात ही मेणाची रीत लिहून ठेवलेली आहे. तांबं 1085 अंशाला वितळतं. त्यात कथील मिसळलं की ते त्याहून कमी उष्णतेला पातळ होतं. म्हणून साध्या भात्यावर आणि लाकडी कोळशावर जुन्या माणसांनी ब्राँझ ओतलं. लोखंडाला 1538 अंश लागतात. त्यामुळं आपल्याकडचा लोहार हजारो वर्षं लोखंड ठोकत राहिला, ओतत नव्हता. ओतीव लोखंड, ज्याला आपण बीड म्हणतो, त्यात कार्बन तीन-चार टक्के असतो, म्हणून ते 1150 ते 1200 अंशांच्या आसपास वितळतं. हा शास्त्राचा भाग थोडा लांबला, पण पुढचं समजायला त्याची गरज आहे.

हुन्नर कुणाच्या घरात राहिला?

गावगाड्यात काम वाटलेलं होतं. लोहार ठोकायचा. तांबट तांब्याच्या पत्र्याला ठोके देऊन भांडं घडवायचा. ओतारी पितळ ओतायचा, जोडवी, घंटा, मूर्ती करायचा. कोल्हापूरच्या पेठांतून ही घरं पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आली. बापानं मुलाला शिकवलं, सासऱ्यानं जावयाला शिकवलं. धातूचं प्रमाण किती, माती कुठल्या ओढ्याची, तापल्यावर रंग कसा दिसला की ओतायचं, हे सगळं घराच्या चार भिंतींत. घरातल्या बायका माती चाळायच्या, मळायच्या, भाता ओढायच्या, पण त्यांचं नाव कारागिरात धरलं जायचं नाही. हीसुद्धा आपण नोंद केली पाहिजे.

आणि आपल्या वाट्याला काय आलं? आपणही बलुतेदारच होतो म्हणतात. पण लोहाराच्या वाट्याला ऐरण आली, आपल्या वाट्याला वेठ आली. सांगावा पोचवा, मेलेलं ढोर ओढा, वेशीवर राखण करा. वतन म्हणून जमिनीचा तुकडा आणि त्याच्या बदल्यात जन्मभराची गुलामी. बाबासाहेबांनी 1936 साली जे निदान मांडलं, की जात म्हणजे कामाची नुसती वाटणी नव्हे, ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे, ते इथं लागू पडतं. लोहारालाही जातीनं बांधलं होतं हे खरं. पण त्याला बांधताना हातात हातोडा तरी दिला होता.

राजर्षींचे हुकूम आणि तोफांचे नांगर

या चौकटीला पहिला घाव घातला तो राजर्षी शाहू महाराजांनी. 1902 साली नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या. 1906 साली शाहू मिलची मुहूर्तमेढ रोवली, आणि संस्थानात यंत्राचा कारखाना म्हणजे काय हे लोकांना दिसलं. 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. 1918 साली महार वतनं रद्द केली, बलुतेदारीची सक्ती काढली आणि कुणीही कुठलाही धंदा करावा अशी मोकळीक दिली. मुंबई राज्यात ही खालची वतनं रद्द व्हायला 1958 चा कायदा यावा लागला. म्हणजे आपल्या संस्थानात चाळीस वर्षं आधी. गंगाराम कांबळेंना हॉटेल काढून देऊन महाराज स्वतः तिथं चहा प्यायले, ते काही चहाची तलफ आली म्हणून नव्हे. धंद्याला जात नसते हे दाखवायचं होतं. आणि मार्च 1920 मध्ये माणगाव परिषदेत त्यांनी बाबासाहेबांना आपल्या समाजापुढं नेता म्हणून उभं केलं.

त्याच काळात आपल्या शेजारी एका घरगुती फौंड्रीची गोष्ट घडत होती. लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे थोरले बंधू रामूअण्णा यांनी बेळगावात 1888 साली सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली. मग कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. लोखंडाच्या नांगरानं जमिनीत विष भिनतं अशी शेतकऱ्याची समजूत, त्यामुळं सुरुवातीला गिऱ्हाईक मिळेना. बेळगावची जागा सोडावी लागली. तेव्हा औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर माळ दिला आणि 10,000 रुपये कर्ज दिलं. 10 मार्च 1910 रोजी किर्लोस्करवाडी वसली. दोन भावांच्या दुकानापासून सुरू झालेला हा धंदा पुढं देशभर गेला. आपल्या दक्षिण महाराष्ट्रातल्या फौंड्रीची ती एक मोठी शाळाच ठरली. तिथं शिकलेले कामगार नंतर ठिकठिकाणी पसरले.

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि विलायतेहून येणारं बीड बंद पडलं. नांगर ओतायला कच्चा माल नाही. तेव्हा शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या, निकामी तोफा किर्लोस्करांना दिल्या. त्या भट्टीत गेल्या आणि नांगराचे फाळ होऊन बाहेर आल्या. कलिंगाच्या रणानंतर सम्राट अशोकानं तलवार बाजूला ठेवून धम्म हाती घेतला, त्याची आठवण व्हावी अशी ही घटना आहे. माणसं मारायची वस्तू वितळवून भाकरी पिकवायची वस्तू केली. आपल्या राजाच्या काळातली ही गोष्ट आपल्या पोरांना पाठ पाहिजे.

उद्यमनगर कसं उभं राहिलं

कोल्हापूर म्हणजे गुळाचं गाव. शाहूपुरीची बाजारपेठ महाराजांनीच वसवली. राधानगरीचं धरण त्यांनीच हाती घेतलं. पाणी आलं, ऊस वाढला. ऊस गाळायला चरक पाहिजे, पाणी उपसायला पंप पाहिजे, पंप चालवायला ऑईल इंजिन पाहिजे. चरकाचे लाट, पंपाचं घर, इंजिनाचं फ्लायव्हील, सगळं बिडाचं ओतीव. तिकडं इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, त्यानंतर माग वाढत गेले. मागाची चौकट, चाकं, गिअरही ओतीव. म्हणजे शेतकरी आणि विणकर या दोघांनी मिळून कोल्हापूरची फौंड्री उभी केली, असं म्हटलं तर चुकीचं होणार नाही.

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा विलायती माल बंद झाला. गाडीचा, इंजिनाचा पार्ट मोडला तर बाहेरून येईना. मग इथल्याच मेस्त्रींनी मोडका पार्ट समोर ठेवून तसाच दुसरा करायचा सपाटा लावला. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही नावं उद्यमनगरच्या पहिल्या पिढीत आजही आदरानं घेतली जातात. पुस्तकी शिक्षण थोडं, पण हातात आणि डोळ्यांत कसब. बाबूराव पेंटर, मूळचे मेस्त्री घराण्यातले, त्यांनी दामल्यांच्या साथीनं 1918 साली कोल्हापुरात सिनेमाचा कॅमेरा घडवला, तो याच परंपरेतला. स्वातंत्र्याच्या आसपासच्या वर्षांत शिवाजी उद्यमनगर वसलं. 1 मार्च 1949 ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, दरबारचा आश्रय संपला, आणि धंद्याला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागलं.

उद्यमनगरातली घरगुती फौंड्री म्हणजे काय? पुढं पत्र्याची शेड, मागं किंवा जवळच राहतं घर. थोरला भाऊ भट्टी बघणार, धाकटा लेथ बघणार, पुतण्या मालाची उधारी वसूल करणार. घरची बाई कामगारांना चहा करणार आणि पगाराच्या दिवशी नोटा मोजून देणार. कामगार पाच ते पंधरा. वही एक, तिच्यात हिशेबही आणि पॅटर्नची मापंही. बँक दारात उभी करायची नाही, मग बायकोचे दागिने गहाण. अशा शेडांतूनच पुढं मोठे कारखाने झाले. केरळातून आलेल्या मेनन बंधूंनी इथंच पिस्टनचं नाव केलं. घाटगे-पाटलांनी वाहतुकीतून सुरुवात करून उचगावला फौंड्री काढली. 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली. नंतर शिरोली, गोकुळ शिरगाव आणि पुढं कागल-हातकणंगलेच्या वसाहती झाल्या. आज कोल्हापूर, इचलकरंजी, जयसिंगपूर, सांगली या पट्ट्यात मिळून 300 च्या आसपास फौंड्र्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच अजून घरच्याच आहेत.

भट्टीचा दिवस

ज्यांनी फौंड्री आतून बघितली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्या मायभगिनींनाही कळू दे, घरचा माणूस दिवसभर करतो काय.

जुन्या छोट्या फौंड्रीत रोज भट्टी पेटत नसे. आठवडाभर साचे भरायचे आणि ठरलेल्या दिवशी भट्टी. लाकडाचा नाहीतर ॲल्युमिनियमचा पॅटर्न घ्यायचा, लोखंडी बॉक्समध्ये ठेवायचा आणि वाळू ठासायची. वाळू साधी नसते. सिंधुदुर्गातल्या कासार्डे भागातली सिलिका वाळू, तिच्यात बेंटोनाईट माती, कोळशाची पूड आणि बेतानं पाणी. मुठीत दाबली की गोळा व्हावा आणि मोडला की सरळ दोन तुकडे व्हावेत, एवढी ओल. पॅटर्न हलक्या हातानं काढायचा, पोकळ भागासाठी आत कोअर ठेवायचा, रनर, रायझर काढायचे, वाफ जायला भोकं पाडायची. ओल जास्त झाली तर धातू उसळतो आणि अंगावर येतो. कमी झाली तर साचा ढासळतो.

भट्टी म्हणजे क्युपोला. उभा लोखंडी नळा, आतून उष्णता सोसणाऱ्या विटा. खाली कोक पेटवायचा, मग वरून थरावर थर टाकायचे. कोक, बीड, भंगार, चुनखडी. खालून ब्लोअरचा वारा. चुनखडी मळ धरते, तो स्लॅग होऊन वर तरंगतो आणि वेगळ्या भोकातून काढतात. खालच्या भोकाचा मातीचा गोळा फोडला की पांढरा-पिवळा रस धावत येतो. तो लॅडलमध्ये धरायचा, दोघांनी दांडा उचलायचा आणि पळत नव्हे, पण थांबतही नव्हे, अशा चालीनं साच्यापर्यंत न्यायचा. रस थंडावला तर नग फुकट. पाय अडखळला तर माणूस फुकट. मग दुसऱ्या दिवशी साचे फोडायचे, नग बाहेर काढायचे, चिकटलेली वाळू आणि रनर तोडून ग्राइंडरवर घासायचे. याला फेटलिंग म्हणतात.

बीड चांगलं झालं की नाही हे मेस्त्री कसं ठरवायचा? पाचरीसारखा छोटा तुकडा ओतायचा, थंड करून मोडायचा आणि मोडलेली बाजू बघायची. किती पांढरी, किती करडी, त्यावरून तो सांगायचा की भंगार कमी करा, सिलिकॉन वाढवा. हे त्याचं ज्ञान. आणि हेच ज्ञान तो सहजासहजी कुणाला देत नसे.

आपली माणसं कुठं होती?

आता मुद्द्यावर येतो. गिरणीतला इतिहास आम्हाला माहीत आहे. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत. कारण काय, तर धोट्यातून धागा तोंडानं ओढावा लागायचा, आणि त्या धाग्याला आपलं तोंड लागलेलं इतरांना चालत नसे. विणकाम खात्यात पगार जास्त, म्हणून ते दार बंद. 1928-29 च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेतही त्यांनी सांगितलं की आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो, त्याला पोर्टरसुद्धा करत नाहीत. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगाराचे दोन शत्रू, हे ते तिथंच बोलले.

फौंड्रीत तोंडानं ओढायचा धागा नाही. रसाला जात कळत नाही, तो सगळ्यांना सारखाच भाजतो. त्यामुळं फौंड्रीचं दार आपल्याला उघडं होतं. पण कुठलं दार? वाळू चाळायचं, कोक फोडायचं, लॅडल उचलायचं आणि फेटलिंगचं. मोल्डिंगचा फर्मा हातात यायला वर्षं लागायची. पॅटर्नशॉपमध्ये तर सुताराचीच पोरं. मालक किंवा मेस्त्री भट्टीत काय किती टाकायचं ते सांगायचा, पण का ते सांगायचा नाही. आमच्या वस्तीतले एक जुने कामगार चौदा वर्षं एका कारखान्यात फेटलिंगला होते. ‘तुमच्यात हे काम जमत नाही,’ एवढं एकच उत्तर त्यांना मिळत राहिलं. कारखान्याचं नाव घ्यायचं कारण नाही, कारण असं उत्तर देणारा तो एकटा नव्हता. मालक दुष्ट होते असंही आम्ही म्हणत नाही. कितीतरी घरगुती मालकांनी आपल्या माणसांच्या पोरींच्या लग्नाला उचल दिली, दवाखान्याला पैसे दिले. पण उचल देणं वेगळं आणि हुन्नर देणं वेगळं. उचल फेडून घेता येते. हुन्नर एकदा दिला की माणूस मोकळा होतो.

मग दार उघडलं कुठून? शिक्षणातून आणि कायद्यातून. बाबासाहेब 1918 सालीच लिहून गेले होते की शेतीवरचा जादा भार उतरवायचा तर उद्योग वाढवले पाहिजेत. 1942 ते 1946 ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या खात्यात तांत्रिक शिक्षणाच्या योजना झाल्या, आणि 1946 च्या दुरुस्तीनं आठवड्याला 48 तासांची मर्यादा आली. स्वातंत्र्यानंतर आयटीआय निघाल्या, तिथं राखीव जागा आल्या. आपली पोरं मोल्डर, टर्नर, फिटरचं सर्टिफिकेट घेऊन आली. जे ज्ञान बाप देऊ शकला नाही, कारण त्याला कुणी दिलं नव्हतं, ते सरकारी शाळेनं दिलं. आमच्या मते आपल्या कामगार वर्गाच्या इतिहासातला हा फार मोठा बदल आहे, आणि त्याची मोजदाद कुणी केलेली नाही.

छातीतली धूळ

एक गोष्ट लिहिल्याशिवाय आम्हाला पुढं जाता येत नाही. गिरणीत कापसाची धूळ छातीत जाते, फौंड्रीत सिलिकाची. वाळू फोडताना, फेटलिंग करताना ही बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि परत निघत नाही. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. दम लागतो, खोकला जात नाही, वजन उतरतं. कितीदा तो टी.बी. म्हणूनच धरला जातो, आणि सिलिकोसिस झालेल्याला टी.बी. होण्याचा धोकाही जास्त. हा रोग कामामुळं होणारा रोग म्हणून कारखाना कायदा 1948 च्या यादीत होता आणि कामगार नुकसानभरपाई कायदा 1923 च्या यादीतही. म्हणजे भरपाईचा हक्क जुना आहे. पण तो सिद्ध करायला कागद लागतो. किती वर्षं कुठं काम केलं याची नोंद लागते, आणि घरगुती फौंड्रीत नोंद कुठली?

त्यात आणखी एक मेख. 1948 च्या कायद्यात वीज वापरणाऱ्या कारखान्याला 10 कामगारांपासून कायदा लागू होत असे. 2020 साली संसदेनं केलेल्या नव्या संहितेत ही मर्यादा 20 करण्यात आली. छोट्या शेडमधला कामगार आणखी बाहेर पडला. म्हणून आमची हात जोडून विनंती आहे. हजेरीचं कार्ड, पगाराची चिठ्ठी, ईएसआयचा नंबर, जुना एक्स-रे, जे हाताला लागेल ते पिशवीत घालून ठेवा. डॉक्टरला आपण फौंड्रीत काम करतो हे आधी सांगा. नाकाला रुमाल बांधून भागत नाही, चांगला मास्क मागून घ्या, आणि वाळूवर पाणी मारूनच झाडा.

आता काय करायचं?

फौंड्री बदलली आहे. कोकच्या क्युपोलाची जागा बऱ्याच ठिकाणी विजेच्या इंडक्शन भट्टीनं घेतली. पाचर मोडून बघणाऱ्या मेस्त्रीच्या जागी स्पेक्ट्रोमीटर आला. तो मिनिटाभरात कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, फॉस्फरस, गंधक किती ते आकड्यांत सांगतो. पॅटर्नचा नकाशा कॉम्प्युटरवर निघतो. काही जुने लोक म्हणतात, कसब गेलं. आम्ही जरा वेगळं म्हणतो. पूर्वी जे ज्ञान एका घराच्या मुठीत होतं, ते आता पुस्तकात आणि यंत्रावर आलं. आकडा वाचायला आडनाव लागत नाही. डिप्लोमा झालेली आपली मुलगीसुद्धा प्रयोगशाळेत बसून भट्टीत काय कमी, काय जास्त ते सांगू शकते. ज्या भट्टीचं गुपित तिच्या आजोबांना चौदा वर्षांत कळू दिलं नाही, ते तिला सहा महिन्यांत कळतं.

पण जागा, भांडवल आणि ऑर्डर अजून जुन्या घरांकडंच आहेत. ते सुटायचं तर आपणच धंद्यात उतरलं पाहिजे. 2005 साली पुण्यात दलित उद्योजकांची चेंबर, डिक्की, स्थापन झाली. 2012 च्या केंद्र सरकारच्या खरेदी धोरणात सरकारी खात्यांनी आणि कंपन्यांनी आपल्या खरेदीतला 4 टक्के भाग अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांकडून घ्यावा असं ठरलं. ही माहिती आपल्या वस्तीत किती जणांना आहे? लगेच सगळ्यांनी फौंड्री काढावी असं आम्ही म्हणत नाही, फौंड्री हा पैसा खाणारा धंदा आहे. पण पॅटर्नचं काम, कोअरचं काम, मशीनिंग, तपासणी, ही छोटी कामं दोघा-तिघांनी मिळून करता येतात. भाऊबंदकी असलेल्या घरांनी जर एवढं केलं, तर एका विहारात बसणाऱ्या, एकच पंचशील घेणाऱ्या आपल्याला का जमू नये?

बिंदू चौकात महात्मा फुले आणि बाबासाहेबांचे पुतळे आहेत. भाई माधवराव बागलांच्या पुढाकारानं 9 डिसेंबर 1950 रोजी ते बसले, बाबासाहेब हयात असताना. शिल्पकार बाळ चव्हाण हे आपल्या कोल्हापूरचेच. दर 14 एप्रिलला आपण तिथं हार घालतो. हार घालून झाला की यंदा एक काम करू या. विहाराच्या खोलीत दर रविवारी सकाळी दोन तास, फौंड्रीत काम करणाऱ्या जाणत्यांनी आयटीआयच्या पोरांना बसवून आपलं काम शिकवायचं. वाळू, साचा, रस, नगातले दोष आणि छातीची काळजी, सगळं. फी नाही, जातीची अट नाही, मुलींनी आधी यायचं. आमच्या गिरणीतल्या दोघांनी लेथचं काम शिकवायचं कबूल केलं आहे. मोल्डिंगसाठी दोन मेस्त्री हवे आहेत. ज्यांची तयारी असेल त्यांनी वर्धापन दिनाच्या कार्यक्रमानंतर विहाराच्या कार्यकारिणीकडं नाव द्यावं.

जय भीम. नमो बुद्धाय.